बाटल्यांतून ओवलेली माळ

सरांचा विषय निघाला की मी रश्श्याची गोष्ट सांगतो. ऐकणारे हसतात, विषय तिथेच संपतो, आणि मला तेवढंच हवं असतं. इतकी वर्षं मी हे असंच निभावून नेलं.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासच्या हॉलमध्ये सरांची शोकसभा ठेवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांपैकी हिंडता-फिरता असा मीच उरलो आहे, म्हणून बोलायला मला उभं केलं. मी रश्श्याचीच गोष्ट सांगितली. शोकसभेतसुद्धा माणसं हसली. मी खाली बसलो तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "ते पोरीचं प्रकरण झालं हुतं, ते हेच न्हवं?"

"व्हय, हेच की."

मला स्पष्ट ऐकू आलं. मी मान वळवली नाही. समोर सरांचा फोटो होता, त्याला घातलेला हार एका बाजूला घसरला होता, तो बघत बसून राहिलो.

तसं काही प्रकरण नव्हतं. नव्हतं हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते कुणी उठवलं हे मला ठाऊक आहे. हे लिहायचं मी फार टाळलं. आता माझंही वय असं आहे की यापुढे टाळलं तर राहूनच जाईल.

सुरुवात मात्र रश्श्यापासूनच करतो. ती गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे एवढंच.

हॉटेलात मटणाचं ताट आलं की सर आधी पांढरा रस्सा संपवायचे. मग पाण्याचा एक घोट घेऊन तोंडात घोळवायचे आणि गिळायचे. मग मटण. पुन्हा पाणी. मग तांबडा रस्सा. पुन्हा पाणी. शेवटी नुसती भाकरी. वाढणारा पोरगा वैतागून एकदा म्हणाला, "सर, पोटात गेल्याव समदं एकच हुतंय की वो."

"पोटात काय बी होऊ दे," सर म्हणाले. "तोंडात एका टायमाला एकच."

ही सवय त्यांना प्रयोगशाळेत लागली होती. आमच्या कॉलेजात येण्याआधी त्यांनी हैदराबादेत बरीच वर्षं कृत्रिम डीएनए बनवण्याचं काम केलं होतं. ते सांगायचे, यंत्रावर चार बाटल्या असतात, एकेका बाटलीत डीएनएचं एकेक अक्षर. आपल्याला हवा तो क्रम यंत्राला सांगायचा. यंत्र एक अक्षर ओवतं, धुतं, मग दुसरं ओवतं, परत धुतं. "मधी धुतलं न्हाय, मागचं काय चिकटून ऱ्हायलं, की फुडची समदी माळ बाद." हे ते वर्गात सांगायचे, तसंच हॉटेलात आणि आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला बसल्यावरही सांगायचे. चिवडा आणि कडबोळं यांच्या मधे पाणी पिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख होतो. बायोटेकचा नवा वर्ग निघाला आणि तो शिकवायला ते माझ्या हाताखाली आले. मला ते 'हेड' म्हणत. मे महिन्यातही अंगात एक तपकिरी स्वेटर, कारण थंड खोलीत काम करायची सवय. स्वेटरच्या खिशात खडू, भुईमुगाच्या शेंगा आणि बोटाला टोचायच्या सुया, सगळं एकत्र.

मूळचे ते कबनूरचे. वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. घरात खाली माग, वर माणसं. दिवसभराच्या त्या खडखडाटात एकमेकांना ऐकू जावं म्हणून घरातले सगळेच ओरडून बोलायचे, आणि सरांना आयुष्यभर हळू बोलता आलं नाही. कानात सांगतो म्हणून जवळ यायचे, आणि ते सांगणं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. प्राचार्यांनी केसांचा नवा टोप घातला होता त्या दिवशी सर माझ्या कानात म्हणाले, "बसलाय बरा, पर मागनं उचललाय." पलीकडच्या दारातून प्राचार्यांचा हात डोक्याच्या मागे गेलेला मी पाहिला.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या मागे भाड्याची खोली होती. संध्याकाळी खाणावळ, रविवारी आमचं घर. कुणीही नवा माणूस भेटला की त्यांचे प्रश्न ठरलेले. "गाव कुठलं? आईचं म्हायार कुठलं? आजीचं?" बायकांना वाटायचं, सर लग्नं जमवतात. ऑफिसातल्या एका क्लार्कची बायको एकदा मुलीची पत्रिका घेऊन आली. म्हणाली, "एखादं चांगलं स्थळ असंल तर बघा की, सर."

सरांनी पत्रिका उलटसुलट केली आणि परत दिली. "हे ऱ्हाऊ दे, बाई. पोरीचं रक्त घिऊन या."

ती बाई जी निघाली, ती थेट बाजारात जाऊन सांगत सुटली. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. मीही हसलो. या हसण्याचा पुढे काय उपयोग होणार आहे हे तेव्हा मला कळायचं कारण नव्हतं.

त्यांच्या त्या प्रश्नांमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला मामालाच दिली होती. त्या भागात ते चालतं. तिची दोन मुलं लहानपणीच गेली, पांढरी पडत पडत. घरच्यांनी देवऋषी केले, नवस केले. "मी शिकून यायपत्तोर दोनीबी गेली, हेड. थॅलसेमिया हुता, आनि काय." एवढं बोलून त्यांनी शेंग सोलली आणि पाणी प्यायले.

थॅलसेमिया म्हणजे रक्ताचा दोष, आईबापांकडून येणारा. एकाच बाजूने आला तर माणूस चारचौघांसारखा जगतो, जरा फिकट दिसतो इतकंच. पण असे दोघे नवरा-बायको झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक डाव असा असतो, की मुलाला तो दोन्ही बाजूंनी मिळेल. त्या मुलाच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही. जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. हे मी दर वर्षी फळ्यावर चौकोन काढून शिकवत असे, पेपरातही विचारत असे.

एका उन्हाळ्यात सर भर दुपारी एक स्टीलचा डबा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. डब्याभोवती गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ, फडक्यात बांधलेला.

"वैनी, फ्रीजरात एवढी जागा द्या. आमच्या गल्लीत लाइट न्हाय, तुमच्या लाइनीला हाय."

"मटण हाय का काय?" बायकोने विचारलं.

"न्हाय वो."

"मेलेल्या कुणाचं काय न्हाय न्हवं? आत माझं आम्रखंड आहे, सर."

"मेलेल्याचं न्हाय, वैनी, आनि जित्याचंबी न्हाय. बाटल्यांतनं ओवलंय समदं."

बायकोने आम्रखंड खालच्या कप्प्यात हलवलं आणि डबा मटारच्या मागे ठेवला. त्यात बोटाच्या पेराएवढ्या नळ्या होत्या. त्यांत त्यांनी हैदराबादेत स्वतः ओवलेल्या डीएनएच्या छोट्या माळा होत्या. थॅलसेमियाच्या दोषाच्या बरोबर समोर बसतील अशी त्यांची अक्षरं. दोष असलेल्या रक्तात ती माळ जागा शोधून चिकटते, नसेल तर वाहून जाते. लाइट गेली की डबा आमच्याकडे यायचा, मग हळूहळू तो आमच्याकडेच राहिला. लागेल तेव्हा सर येऊन एखादी नळी न्यायचे. आमच्या घरात त्याला 'सरांची पोरं' म्हणायचे. बायको म्हणायची, आज पोरांना बघायला आलेत, चहा टाका.

माझी मुलगी त्यांच्याच वर्गात होती. नव्या वर्गाचं पहिलं प्रात्यक्षिक ठरलेलं असायचं, प्रत्येकाने स्वतःचं बोट टोचायचं आणि स्वतःचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, सर माझ्या स्लाइडकडे किती वेळ बघत बसले. मग विचारून अजून थोडं रक्त घेतलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांच्या आवाजाला दाराचा तसा काही उपयोग नव्हता.

"हेड, पोरगी ताईच्या घरात देणार म्हंता ते खरं हाय?"

"बारशातच शब्द दिलाय."

ते खरं होतं. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या ताईने पाळण्याशी वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं, आणि उभी राहून सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ही माझी सून." मी म्हणालो, "घे." मी शिकावं म्हणून ताईने शाळा सोडली होती. 'घे' म्हणताना मला फेडल्यासारखं वाटलं होतं.

"मग पोराचं रक्त एकदा बघूया," सर म्हणाले.

"ताईचा मुलगा आहे तो, सर. परका का आहे? माझंच रक्त आहे ते."

"म्हणूनच की, हेड."

त्यांनी माझंही रक्त घेतलं. दोन दिवसांनी निळ्या दिव्याखाली तो जेलीचा पट्टा दाखवला. त्यावर माझ्या मुलीची रेघ आणि माझी रेघ शेजारी शेजारी उजळली होती, एकाच उंचीवर. म्हणजे माळ दोघांच्याही रक्तात चिकटली होती. तो पट्टा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पट्टा म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, हे कळायला मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

"आता ताईचं आनि तिच्या पोराचं. न्हाय निघालं तर वाजंत्री मी लावतो."

"बघू," मी म्हणालो. "पण मला वचन द्या. माझ्या घरात, मुलीला, कुणालाही तुम्ही हे सांगायचं नाही."

"तुमचं तुम्ही सांगायचं. पर लगनाच्या आदी."

मी सांगितलं नाही. ताईला काय सांगणार होतो? तुझ्या मुलाला तपासू, कारण आपल्या रक्तात खोट आहे? आणि तिथून ते फुटलं की माझ्या मुलीला दुसरीकडे तरी कोण करून घेणार होतं? सर आठवड्याला विचारायचे, मी बघू म्हणायचो. फळ्यावरचा चौकोन मला पाठ होता. चारांत एक म्हणजे चारांत तीन बरे, असा हिशेब मी स्वतःला घालून दिला होता.

साखरपुड्याला सर आले. घरचेच होते, त्यांना आमंत्रण न देऊन कसं चाललं असतं? नवा शर्ट घातला होता, वर तोच स्वेटर. कुंकू लावून झालं, मुलगी पाटावर बसली, ताई तिची ओटी भरायला उभी राहिली. तेवढ्यात सर माझ्या भाच्याला हाताला धरून हात धुवायच्या नळाशी घेऊन गेले. त्यांनी वचन मोडलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. त्यांनी ते मोडलं नव्हतं. त्यांना फक्त भाच्याला एकट्याला, हळूच विचारायचं होतं.

"पावणं, दोन थेंब रक्त द्या. लगनाच्या आदी बघितल्यालं बरं. दोघांच्यातबी असलं तर पोराबाळांचं अवघड हाय."

सगळ्या हॉलने ऐकलं. सनई वाजवणाऱ्यानेही सनई खाली घेतली. सरांच्या हातात ती सुई होती.

भाच्याचा चुलता उठला. मोठा माणूस, मोठी मिशी. तो सरांकडे गेला नाही, माझ्याकडे आला. "काय असलं तर? पोरीच्या रक्तात काय हाय? पावणं, तुमी सांगा."

ताईच्या हातात नारळ तसाच होता. मुलगी पाटावरून माझ्याकडे बघत होती.

मी चुलत्याचा दंड धरून त्याला खांबाआड नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "काही नाही हो. सरांचं डोकं फिरलंय. गेलं वर्षभर मुलीच्या मागे लागलेत. लग्न मोडायला बघतायत."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण ते असं सरळ बाहेर आलं, जणू कितीतरी दिवस तोंडात तयार होतं.

पुढचं झटक्यात झालं. चुलता आणि आणखी दोघं सरांवर धावले. एकाने स्वेटर धरला, शेंगा जमिनीवर सांडल्या. मारलं असतं, आणि मार खाताना सर काय काय बोलले असते याची मला धास्ती पडली. मी मधे पडलो. "हात लावू नका त्यांना!" म्हणून ओरडलो आणि त्यांना जिन्यापर्यंत नेलं. 

"हेड, माझा आवाज मोठा झाला का?"

"हो."

"चुकलं माझं. माफ करा."

मी म्हणालो, "असू दे."

ते 'असू दे' मला आजही ऐकू येतं.

हॉलमधून ती गोष्ट कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. क्लार्कच्या बायकोने आपली भर घातली, सर पोरींचं रक्त मागतात, मलाही मागितलं होतं. एक समिती बसली. त्यांनी सरांना विचारलं, मुलीचं रक्त कशासाठी घेतलं होतंत? सर म्हणाले, "ते हेडना विचारा." माझ्या रक्ताचा निकाल त्यांच्याकडे होता. त्यांनी तो दाखवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांनी वचन पाळलं. समितीने मला विचारलं. मी म्हणालो, "मला माझ्या मुलीचं नाव यात आणायचं नाही." बापाने असं म्हटलं की लोकांना जे समजायचं ते समजतं.

सरांनी राजीनामा दिला आणि कोल्हापूर सोडलं. डबा मागायला आले नाहीत. बायको एक-दोनदा म्हणाली, पोरं इथंच राहिली की.  लग्न ठरल्या दिवशी झालं.

नात झाली. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत गुटगुटीत होती, मग पांढरी पडायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मी घरातल्या सगळ्यांच्या मागे उभा राहून तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला. तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. आता ती कॉलेजच्या वयाची आहे, जीभ तिखट आहे. एकदा म्हणाली, "आजोबा, मला कुणी मूळ गाव विचारलं तर काय सांगू? इतक्या लोकांचं रक्त घेतलंय की माझ्यात निम्मी इचलकरंजी आणि निम्मं कोल्हापूर असेल."

काही वर्षांपूर्वी तिच्या डॉक्टरांनी जनुक-संपादनाचा विषय काढला. दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच्या चाचण्या सुरू व्हायच्या होत्या. घरात कुणालाच ते नीट कळेना. मुलगी मला म्हणाली, "बाबा, सरांना कळेल हे. त्यांना शोधा."

मी चपापलो. "त्यांना? तुला चालेल?"

"ते मला कधी वाकडं बोलले नाहीत. ते प्रकरण मला कधी पटलंच नव्हतं. माझी स्लाइड बघून त्यांना तेव्हाच कळलं असणार. तुम्हाला काही बोलले होते का?"

"नाही," मी म्हणालो.

सर नृसिंहवाडीला राहत होते. घाटाच्या वरच्या अंगाला एका पुजाऱ्याच्या घरात माडीवरची खोली. एक पलंग, एक कॉम्प्युटर, एक ताट, एक पेला. कुठल्याशा कंपनीसाठी घरबसल्या डीएनएच्या माळांचे क्रम जुळवून द्यायचे, त्यावर भागत होतं. शिकवण्या मिळाल्या नव्हत्या. का मिळाल्या नाहीत ते मी विचारलं नाही. पावसाळा होता, पाणी देवळात आलं होतं. दार उघडून त्यांनी मला पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या हेड. चपला आत घ्या, पाणी चढाय लागलंय."

मी बसलो. त्यांनी चहा ठेवला. पेला एकच होता, तो मला दिला, स्वतः वाटीत घेतला. मी विषय कसा काढावा या विचारात होतो.

"पोरगा हाय का पोरगी?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"तुमचं नातवंड. रक्त चढवतासा न्हवं? आनि सारखं रक्त चढवून लोह किती साठलंय अंगात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? लगीन झालंय ते कळलं हुतं. तुमी एवढ्या वर्सांनी इतक्या पाण्यातनं आलासा. मग दुसरं काय असणार?"

मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, मागाच्या भाषेत. मागाला डॉबी असते, तिच्यावर पट्ट्या फिरतात, पट्टीवरच्या खुंट्यांप्रमाणे लुगड्याच्या काठात नक्षी उमटते. एक खुंटी चुकली की प्रत्येक लुगड्यात तीच चूक. "आता ती खुंटी काढाय जायचं न्हाय. शेजारी एक जुनी पट्टी हाय. पोर आईच्या पोटात असताना तिच्यावरच रक्त तयार हुतंय, आनि ते चांगलं असतंय. जल्मल्यावर तिला एक खीळ बसती. ती खीळ तेवढी कापायची. जुनी पट्टी परत फिराय लागती. म्हंजे पोटातलं रक्त परत सुरू."

"आणि खीळ कुठे आहे ते कसं कळणार?"

"त्यासाठीच माळ लागती की! कात्रीला वाट दावणारी. बाटल्यांतनंच ओवायची, आपल्यासारखी." त्यांचा चेहरा खुलला होता. मग ते जरा थांबले. "अवघड हाय पर. आदी हाडांतला जुना मगज औषधानं जाळून काढाय लागतोय, मग त्या सुधारलेल्या पेशी आत सोडायच्या. पोरीला सोसंल का ते बघाय पायजे. तिला इचारा. तुमी ठरवू नका."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. त्यात टोमणा नव्हता. टोमणे मारायची त्यांना सवयच नव्हती.

त्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरांना त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली. नातीचे सगळे कागद मागवले, तिच्याशी फोनवर तासतासभर बोलले. फोनवर बोलताना पुजाऱ्याचं अख्खं घर ऐकायचं. मी महिन्या-दोन महिन्यांनी वाडीला जायला लागलो. बायको गेल्यापासून माझ्याही घरात एक पेला आणि एक ताट उरलं होतं. दोघे खिडकीत बसून नदीकडे बघायचो. प्रत्येक वेळी मी ठरवून जायचो की आज सांगायचं. दुसऱ्या खेपेला तो डबाही बर्फात घालून नेला होता, निमित्त म्हणून. त्यांनी तो उघडला, नळ्यांवरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिला. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. हितं लाइट लई जाती."

एकदा मी बोलायला सुरुवातही केली. "सर, त्या दिवशी हॉलमध्ये..."

"त्याचंच मी म्हनणार हुतो," ते म्हणाले. "तुमी मधी पडलासा म्हणून, न्हायतर मेलो हुतो त्या दिवशी. त्या मिशीवाल्यानं कायबी उठवलं माझ्यावर. तुमी एकटंच माझ्या बाजूनं हुता. मी इसरलो न्हाय, हेड."

 त्यांनी बासुंदीची वाटी पुढे केली, मी ती खाल्ली.

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते, आवाज पहिल्यांदाच लहान झालेला. आज सांगतोच म्हणून बसलो होतो, तेवढ्यात मुलीचा फोन आला. नातीने स्वतः होकार दिला होता, चाचणीत तिची निवड झाली होती, पेशी काढायला बोलावलं होतं. सरांनी फोन मागून घेतला. नातीला बोलवायला लावून तिला म्हणाले, "पोरी, तुझी माळ कुणीतरी ओवून ठेवली असंल बघ. मधी नीट धुतली असंल." मग डोळे मिटून पडून राहिले, हसऱ्या चेहऱ्याने. अशा माणसाला मी काय सांगणार होतो? नाही सांगितलं. शेवटची एसटी पकडली.

नात त्या रुग्णालयात काचेच्या खोलीत होती तेव्हा सर गेले. पुजाऱ्यानेच सगळं केलं. आता नात घरी आली आहे. डोक्यावर बारीक केस उगवलेत. या महिन्यात रक्त चढवावं लागलं नाही. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत, पण या महिन्यात लागलं नाही. ही बातमी मी वाडीला कळवायला हवी होती असं रोज सकाळी वाटतं.

हे छापायला देण्याआधी मी मुलीला सगळं सांगितलं. पट्ट्यावरच्या दोन रेघा, खांबाआडचं वाक्य, समिती, आणि नंतरचं ते 'नाही'सुद्धा. ती नातीच्या औषधांच्या गोळ्या डबीत भरत होती. भरणं थांबवलं नाही.

"सरांना सांगितलं होतंत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला काय सांगताय," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिचा फोन नाही.

डबा अजून फ्रीजरमध्ये आहे. वाडीच्या एसटीत बसलं की जयसिंगपूर मागे पडल्यावर मी मनात वाक्य जुळवायला घ्यायचो, एकेक शब्द, आणि खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत ते विस्कटून जायचं. ते पूर्ण असं होतं:

सर, त्या दिवशी तुमचा आवाज मोठा झाला म्हणून काही बिघडलं नाही. मी हळू बोललो, त्याने बिघडलं. ते मिशीवाल्याने उठवलं नव्हतं. मी उठवलं होतं, आणि ते खोटं होतं. मला माफ करा.